उसाशाचा दोर

१८ एप्रिल १९७१, रविवार. आभाळ निरभ्र. वारा दक्षिणेचा, मंद. सकाळी आठ वाजता शाळेच्या ओसरीवर पारा एकोणतीसवर.

"ते सगळं राहू द्या, बाबा. आत काय सापडलं, तेवढं सांगा."

दुंदाबाबांच्या हातात पळसपानाचा द्रोण होता, द्रोणात बोटभर मध. कड्याच्या काठावर एक जुनी जांभळ आहे. तिच्या बुंध्याशी गुडघ्याएवढा एक दगड रोवलेला. त्या दगडावर त्यांनी मध थेंबाथेंबाने ओतला आणि हात धोतराला पुसले.

"बाबा..."

"ऐकतोय मी. म्हातारा झालो, बहिरा नाही झालो."

हा प्रश्न विचारायची शिवदास भांगरेची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला बाबांनी त्याला ताक पाजले होते. दुसऱ्या खेपेला सरपण फोडायला लावले होते. तिसऱ्या खेपेला ते सरळ झोपून गेले होते.

प्रश्न उसाशाचा होता.

वाडीच्या पाठीमागे, अर्ध्या तासाच्या वाटेवर, हा उभा कडा. माथ्यापासून साठ हात खाली कड्याच्या पोटात एक भोक आहे. माणूस ओणवा होऊन शिरेल एवढे. सकाळी ते वारा आत ओढते आणि दुपार झाली की बाहेर सोडते. वाडीची माणसे त्याला उसासा म्हणतात. कडा जिता आहे, असेही म्हणतात.

शिवदास चार वर्षांपूर्वी या वाडीच्या शाळेवर मास्तर म्हणून आला. पहिल्याच आठवड्यात त्याने पाहिले, की उसाशाच्या तोंडाशी तरंगत आलेले घारीचे पीस एकदम आत ओढले गेले. झाले, त्या दिवसापासून त्याला दुसरे काही सुचेना. कडा श्वास घेतो, तर तो जातो कुठे? जिथे जातो तिथे काय आहे? त्याच्या तीन वह्या वाऱ्याच्या नोंदींनी भरल्या होत्या.

शिवदासच्या आधी आत जाऊन आलेला माणूस वाडीत एकच. दुंदाबाबा. बेचाळीस वर्षांपूर्वी ते आत गेले, बाहेर आले आणि त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून ते या जांभळीजवळ झोपडी बांधून राहत होते. मोहोळ काढायला निघालेला प्रत्येक जण आधी त्यांच्या पाया पडायचा. त्यांचा शब्द वाडीत कुणी मोडत नव्हते.

"खेमा दोर धरत नाही म्हणतो," शिवदास म्हणाला. "तुम्ही एक शब्द टाकलात तर धरेल."

"का नाही म्हणतो?"

"हात सोलले त्याचे मागच्या वेळी. बरे होतील की. पण मला थांबायला वेळ नाही. पाऊस लागला की संपलं. दिवाळीनंतर मुंबईहून गिर्यारोहकांचं एक मंडळ यायचंय, लोखंडी शिड्या घेऊन."

"मग येऊ दे. चहा पाजू त्यांना."

"आणि शोध त्यांच्या नावावर लागेल, त्याचं काय?"

"कसला शोध?"

शिवदासला त्या म्हाताऱ्याचा राग आला. पण काम होते, म्हणून त्याने तो गिळला.

काम अडले होते ते वाडीच्या रिवाजापाशी. इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या कड्यावरची आग्या मोहोळे काढतात. एक जण दोरावर खाली उतरतो, दुसरा वर दोर धरतो. दोर धरणारा असतो मेव्हणाच, उतरणाऱ्याच्या बायकोचा भाऊ. सख्खा भाऊ कधीच नाही. वाडीत म्हणतात, भावाला शेताचा बांध दिसतो, मेव्हण्याला बहिणीचे कपाळ दिसते.

वाडीत आला तेव्हा शिवदासला मेव्हणा नव्हता, कारण बायकोच नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्याने वाडीतल्या हौसाशी लग्न केले. हौसाचा भाऊ खेमा म्हणजे कड्यावरचा सगळ्यांत घट्ट हात. हळदीच्या दिवशीच बायका म्हणाल्या होत्या, "मास्तरांनी मेव्हणा आधी निवडला, नवरी मागनं पाहिली." मांडव हसला. हौसाही हसली. शिवदास तेवढा हसला नाही, कारण ते खरे होते.

"बाबा, मी तुमच्याहूनही पुढं जाऊन आलोय," तो आता म्हणाला. हे त्याला सांगायचे नव्हते, पण तोंडातून गेले.

बाबांनी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले.

"किती पुढं?"

"माझा दोर नव्वद हातांचा. आत तीस हातांवर तो संपला. तिथून पुढं चाळीस हात गेलो."

"दोर संपला म्हणतोस. मग पुढं कसा गेलास?"

"कमरेचा सोडला. पन्नास मिनिटं. परत येऊन बांधला."

"सोडतोय हे कळवायला तीन हिसके दिलेस?"

"नाही."

"का?"

"दिले असते तर खेमा आरडाओरडा करत बसला असता. पुढं जाऊच दिलं नसतं त्यानं."

बाबा जांभळीच्या शेंड्याकडे पाहत राहिले. वर दोन बुलबुल भांडत होते. ते उडून गेल्यावर बाबांनी मान खाली केली.

"बरं," ते म्हणाले. "खेमाला सांगतो मी."

शिवदास उठून त्यांच्या पायांशी वाकला.

"थांब, थांब. आधी माझं एक काम कर. मला खाली सोड."

"तुम्हाला?"

"मोहोळ कितीसं भरलंय बघायचंय."

"या वयात? आणि मी कसा दोर धरणार? मी काय तुमचा मेव्हणा आहे?"

"मला मेव्हणा नाही," बाबा म्हणाले. "होता."

त्यांनी झोपडीतून दोराचे वेटोळे आणले आणि एक टोक कमरेला आणि मांड्यांना असे बांधले, की शिवदास बघत राहिला. सत्तरीला टेकलेल्या हातांना एकदाही चाचपडावे लागले नाही. दुसरे टोक त्यांनी जांभळीच्या खोडाला एक वेढा देऊन शिवदासच्या कमरेभोवती घेतले आणि त्याच्या हातात दिले. मग आपली घोंगडी त्याच्या डोक्यावर टाकली.

"एवढ्या उकाड्यात घोंगडी?"

"असू दे. रीत माहीत आहे ना? दोन हिसके आल्याबिगर ओढायचं नाही. माणूस कुठं कपारीत बसला असला आणि दोर वर गेला, तर तो तिथंच राहतो. खोडाला बांधून ठेवायचा नाही, बांधलेला दोर काठावर घासून तुटतो. आणि धरलेला सोडायचा नाही."

"पोरांना शिकवतो मी हे, बाबा. चौथीच्या वर्गात."

"शिकवतोस होय? मग बरंय."

ते काठावरून उतरले. क्षणभर त्यांचे पांढरे डोके दिसले, मग तेही कड्याच्या फुगवट्याखाली गेले.

शिवदास दोर सोडू लागला. दोरावर ओझे होते, जिवंत, किंचित डुलणारे. दहा हात. वीस. तीस. पस्तिसाव्या हाताला ओझे थांबले.

आणि एकदम दोर हलका झाला.

शिवदासच्या मनगटावर घड्याळ होते. सवयीने त्याने पाहिले. नऊ चाळीस.

बसले असतील कुठे टेकून, असे त्याला वाटले.

त्याने हाक मारली. "बाबा!"

समोरच्या डोंगरावरून त्याचाच आवाज परत आला.

"बाबा, हो म्हणा!"

काहीच नाही. पडले म्हणावे तर धप्पकन आवाज यायला हवा होता. पण दरी पाचशे हातांची, वर आवाज येतो तरी का? त्याने काठाकडे एक पाऊल टाकले. फुगवट्याखालचे दिसायला आणखी चार पावले पुढे जावे लागले असते, आणि तेवढे जायचे तर दोर हातातून सोडावा लागला असता. तो मागे आला.

ओढावा का? बाबा कपारीत बसले असतील तर त्यांची वाट तुटेल. खोडाला बांधून खेमाला आणावे? जाऊन यायला तास, आणि तेवढ्यात दोन हिसके आले तर ओढणार कोण?

मधेच दोर हलला. त्याचा जीव भांड्यात पडला... पुन्हा हलला. पण ती वाऱ्याची झुळूक होती. झुळूक गेली, दोर थांबला. पुन्हा हलला. दोराच्या टोकाला माणूस आहे की वारा, हे त्याच्या हातांना कळेना. तो बोटे आवळी, सैल करी, पुन्हा आवळी. गळ्याला कोरड पडली. पाण्याचा तांब्या सहा हातांवर होता.

दहा वाजले. सव्वादहा.

पहिली माशी मानेवर चावली, तेव्हा तो ओरडला. दुसरी कानाच्या पाळीवर बसली. आग्या मोहोळाच्या चारदोन माश्या वाऱ्याबरोबर वर आल्या होत्या. त्याने घोंगडीचा काठ दातात धरून तोंडावर ओढला. हात दोरावरच राहिले. तेवढ्यासाठीच ती घोंगडी होती, हे त्याला त्या वेळी कळले.

समोर जांभळीच्या मुळाशी तो दगड. त्यावरच्या मधाला मुंग्या लागल्या होत्या. शिवदास देवाधर्माचा माणूस नव्हता. तरी तो त्या दगडाला म्हणाला, "त्यांना सांभाळ. माझ्या हातून नको."

मग त्याने घड्याळ पाहिले. दहा तीस.

नऊ चाळीस ते दहा तीस. पन्नास मिनिटे.

त्याच्या तिसऱ्या वहीत, अठ्ठावीस मार्चच्या पानावर, हाच आकडा होता. "दोराविना ५० मिनिटे." खाली त्याने लाल शाईने दोन रेघा ओढल्या होत्या.

त्याने जांभळीला पाठ लावली.

त्यानंतर त्याने घड्याळ पाहिले नाही. ऊन डोक्यावर आले. आणखी दोन माश्या चावल्या, त्यातली एक पापणीवर. एक डोळा मिटला. बोटांतली आग आधी वाढली, मग कमी झाली, मग बोटे आपली आहेत की नाहीत तेच समजेना. तो आता हाकाही मारत नव्हता. फक्त मोजत होता. काय मोजत होता, ते त्याला नंतर कधी सांगता आले नाही.

"मास्तर, भाकरी खाल्लीस का रे?"

आवाज मागून आला.

शिवदासने मान वळवली. झोपडीकडच्या वाटेवर दुंदाबाबा उभे होते. हातात फडक्यात बांधलेली भाकरी. त्यांच्या मागे खेमा, दोन्ही तळव्यांना हळद-तेलाच्या चिंध्या गुंडाळलेला.

शिवदासने बाबांकडे पाहिले. मग दोराकडे पाहिले. पुन्हा बाबांकडे पाहिले.

दोर त्याने सोडला नाही.

"खाली कपार आहे," बाबा म्हणाले. "तिथून वानरवाट आहे वाडीला जायला. मोहोळवाल्यांनाच माहीत. हौसाच्या हातची भाकरी खाऊन आलो. तुला बांधून दिलीय तिनं."

"दाजी," खेमा पुढे आला, "दोर सोडा आता. बाबा हितं हायेत."

शिवदासने आपल्या बोटांकडे पाहिले.

"अहो दाजी, कुणी नाय त्याच्यावर."

"सुटत नाही," शिवदास म्हणाला.

"काय?"

"बोटं... सुटत नाहीत."

खेमाने त्याच्या तोंडाकडे पाहिले आणि त्याचे हसू गेले. तो गुडघ्यांवर बसला. चिंध्या बांधलेल्या हातांनी त्याने शिवदासची करंगळी धरली आणि हळूच उलगडली. मग तिच्या शेजारचे बोट. मग मधले. एकेक बोट सुटताना शिवदास कण्हत होता.

बाबा उभे राहून पाहत होते.

"सोमाची मी अशीच सोडवली," ते म्हणाले. "करंगळीपासून."

"कोण सोमा?"

बाबांनी हनुवटीने दगड दाखवला.

"तुला देव वाटला असेल. सगळ्यांनाच वाटतो, मीही कुणाला सांगत नाही. माझ्या बायकोचा भाऊ."

खेमाचे हात थांबले. त्यालाही हे ठाऊक नव्हते. तो लहानपणापासून त्या दगडाला नारळ फोडत आला होता.

"माझाही दोर आत संपला होता, मास्तर. मीही सोडला. तीन हिसके न देता. तुझी पन्नास मिनिटं, माझा सगळा दिवस गेला. वाटेला वाट फुटत होती, आत वारा ओढत होता... कोण मागं फिरतो? परत आलो तेव्हा बाहेर ऊन कललं होतं. दोर बांधला. दोन हिसके दिले. ओढ आली नाही. आणखी दोन दिले. नाही आली. पण दोर ताठ होता. म्हणजे वर कुणीतरी धरलाय. मग मीच हातांवर चढत वर आलो."

"आणि सोमा?"

"सोमा इथं उभा होता. तू उभा आहेस तिथंच, जांभळीला पाठ लावून. कमरेला दोन वेढे. दुपारी कधीतरी मोहोळ उठलं होतं. तोंड ओळखू येत नव्हतं त्याचं."

"जिवंत होता?" शिवदासने विचारले.

"नाही."

"मग दोर?"

"धरलेला होता."

खेमाने शिवदासचा हात सोडला आणि तो जरा बाजूला सरकला. उसाशाच्या तोंडातून वारा बाहेर पडायला लागला होता, त्याचा घुमण्याचा आवाज खालून येत होता.

"त्यानं पळायला हवं होतं," शिवदास म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "दोर तर रिकामा होता."

"रिकामा आहे, हे मला माहीत होतं," बाबा म्हणाले. "त्याला नव्हतं."

शिवदास खाली बसला. त्याने खेमाच्या चिंध्यांकडे पाहिले.

"खेमा, त्या दिवशी... तुला कळलं होतं?"

"काय?"

"मी आत दोर सोडला होता."

खेमाने पायाजवळचा एक खडा उचलला आणि तिथेच पुन्हा ठेवला.

"दोर हलका झाला की कळतंच की, दाजी. मला वाटलं, गेलात तुम्ही."

"मग सोडून का नाही दिलास?"

"कुणाला विचारून सोडू? आक्का घरी चुलीपाशी बसलेली. तिला जाऊन काय सांगू?"

"आणि हात? हात कशानं सोलले?"

"तुम्ही पुन्हा बांधलात तवा एकदम ओझं आलं. माझे हात ढिले पडले होते जरा..." तो थांबला. "नाक पुसत होतो."

"हौसाला काय सांगितलंस?"

"घामानं निसटला म्हणलं."

बाबांनी भाकरी सोडून शिवदाससमोर ठेवली. वर ठेचा होता आणि कांदा, बुक्कीने फोडलेला. शिवदासने तुकडा मोडायला हात नेला. बोटे मिटेनात. खेमाने घास करून त्याच्या तोंडात घातला. तो त्याने चावला.

बाबा काठाशी गेले आणि दोर वर ओढू लागले. रिकामा दोर भराभर वर आला. त्याचे वेटोळे करून त्यांनी ते दगडापाशी ठेवले.

"आता खेमाला सांगू?" त्यांनी विचारले. "तुझा दोर धर म्हणून?"

शिवदासने मान हलवली. नाही म्हणून.

"मोठ्यानं बोल. त्याला ऐकू दे."

"नको, बाबा."

"बरं." बाबांनी घोंगडी उचलून झटकली. दोन मेलेल्या माश्या खाली पडल्या. "मग घरी जा. हौसाला सगळं सांग. दोर सोडलास ते सांग, पन्नास मिनिटं सांग, लग्न कशासाठी केलंस ते पण सांग."

"ते तिला..."

"माहीत असेल. तरी तुझ्या तोंडानं सांग."

शिवदास उठला. चार पावले गेला. मग वळला. त्याचा एकच डोळा उघडा होता.

"ती काय म्हणेल, बाबा?"

"रडणार नाही. भांडणारही नाही. एकच गोष्ट विचारेल."

"काय?"

"सोमाच्या बहिणीनं मला विचारली ती," बाबा म्हणाले. "सकाळपासून तू मला विचारतोयस ती."

शिवदास घरी पोचला तेव्हा एक पंचेचाळीस झाले होते. त्याने हौसाला सगळे सांगितले. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने विचारले, "आत काय सापडलं?"